पैसे मोजण्याआधी कॉम्प्रेशन मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साध्या घरगुती गाडीचा पिकअप हजार-पाचशे रुपयांत वाढवून देणाऱ्या जाहिरातींचा सध्या सुळसुळाट आहे. मोबाइलवर तर त्या आहेतच, आता वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींतही दिसू लागल्या आहेत. गॅरेजच्या धंद्यातल्या लोकांना या उपकरणांचे अवशेष रोज बोनेटखाली सापडतात. तेव्हा कमी खर्चात ताकद खरोखर कुठून मिळते आणि कुठून मिळत नाही, हे एकदा आकड्यांनिशी मांडावे म्हणून हे पत्र. म्हणणे एवढेच, की टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेल्या गाडीत ताकद ‘वाढवायला’ घातलेला पैसा जवळजवळ बुडीत असतो आणि हरवलेली ताकद परत आणायला घातलेला पैसा सहसा वसूल होतो. टर्बोवाल्या गाडीचा हिशेब निराळा आहे, तो पुढे येईल.

आधी हवेचा हिशेब. पेट्रोल कितीही ओतता येते. अडते ते हवेपाशी. 1,197 सीसीचे चार-स्ट्रोक इंजिन 6,000 आरपीएमला मिनिटाला साधारण 3,600 लिटर हवा ओढते, कारण दर दोन फेऱ्यांत एकदाच सिलिंडर भरतो. ताकद वाढवायची तर याच वेळात जास्त वजनाची हवा आत गेली पाहिजे. जाहिरातीतला ‘इलेक्ट्रिक टर्बो’ म्हणजे फिल्टरच्या पाइपात बसवायचा छोटा पंखा. एवढ्या हवेवर नुसता 0.2 बार दाब चढवायचा तर पावणेदोन ते दोन किलोवॉट लागतात, म्हणजे 12 व्होल्टवर दीडशे अँपिअर. छोट्या गाडीचा अल्टरनेटर सगळा मिळून 60 ते 80 अँपिअरचा असतो आणि पंख्याला जोडलेली वायर शिलाईच्या दोऱ्याइतकी. असा पंखा दाब वाढवत नाही, उलट वाटेत अडथळा होतो आणि त्याचे एखादे पाते तुटले तर थेट थ्रॉटलमध्ये, म्हणजे इंजिनाकडे हवा सोडणाऱ्या झडपेत, जाते.

ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीचे दोष तपासायच्या खोबणीत) खुपसायच्या ‘पॉवर चिप’चेही तेच. उघडून पाहिल्यावर आत लुकलुकणारे एलईडी आणि एक छोटा सर्किट बोर्ड निघतो. गाडीच्या संगणकाशी बोलणाऱ्या पिना बहुतेकदा जोडलेल्याच नसतात. पेट्रोलच्या नळीवर बांधायची लोहचुंबके आणि थ्रॉटलखाली घालायचे स्पेसर यांच्याबद्दल लिहिण्यात जागा घालवत नाही. ‘थ्रॉटल कंट्रोलर’ किंवा पेडल बॉक्स मात्र थोडा वेगळा, कारण त्याने खरोखर फरक जाणवतो. तो पेडलचा सिग्नल फुगवून संगणकाला देतो. पाय 30 टक्के दाबला की संगणकाला 50 वाटतात. गाडी चपळ झाल्यासारखी वाटते, पण पेडल तळाला टेकवले की दोन्ही गाड्या सारख्याच. हाच परिणाम पाय जास्त दाबून फुकट मिळतो.

फुकटातल्या आणखी दोन गोष्टी. पहिली गिअरची. मायलेजच्या सवयीने आपल्याकडे पुष्कळ जण 2,000 आरपीएमवर वरचा गिअर टाकतात आणि घाटातही तो सोडत नाहीत. स्विफ्टच्या 1.2 के-सिरीज इंजिनाचे उदाहरण घ्या: 83 पीएस (ताकद) 6,000 आरपीएमला, 113 न्यूटनमीटर (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) 4,200 ला. 2,000 वर टॉर्क 95 धरला तरी चाकांकडे जायला 27 पीएस उरतात. 4,200 वर तेच इंजिन 68 पीएस देते. खंबाटकीत किंवा कसाऱ्यात ‘गाडी ओढत नाही’ म्हणून तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे इंजिन ठणठणीत असते, तिसऱ्यावरून दुसऱ्यात यायला पाहिजे एवढेच. इंजिन ओरडते म्हणून घाबरण्याचे कारण नाही. कमी आरपीएमला पूर्ण पेडल दाबून घरघरत चढवणे त्याला जास्त जाचते.

दुसरी सीएनजीची. गॅस हवेची जागा खातो, त्यामुळे सिलिंडरमध्ये हवाच कमी जाते. कंपनीचेच आकडे पाहा: 1.2 ड्युअलजेट इंजिनाची स्विफ्ट पेट्रोलवर 89 पीएस आणि सीएनजीवर 77.5. म्हणजे डॅशबोर्डवरचे बटण दाबले की अकरा-बारा पीएस हातात. भरल्या गाडीने घाट चढताना पायथ्याशी पेट्रोलवर यावे, माथ्यावर परत गॅसवर जावे. यापेक्षा स्वस्त पॉवर किट बाजारात नाही.

उंचीचा परिणामही ध्यानात ठेवावा. टर्बो नसलेले इंजिन दर हजार मीटरला साधारण 10 टक्के ताकद गमावते. मुंबईतली 83 पीएसची गाडी महाबळेश्वरात सत्तर-बहात्तरची होते. वर गेल्यावर गाडी मरगळली म्हणून तिथल्या मेकॅनिककडून प्लग बदलून घेणे म्हणजे त्याच्या दिवाळीची सोय करणे.

आता हरवलेल्या ताकदीकडे. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत दहा-पंधरा टक्के ताकद गळालेली असणे मुळीच दुर्मीळ नाही. ती हळूहळू जात असल्याने मालकाला कळत नाही. तपासाची सुरुवात कॉम्प्रेशनपासून, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते यापासून, करावी, कारण तिथे खोट असेल तर बाकी सगळा खर्च वरवरचा. हजार-दीड हजाराच्या गेजवर हे काम होते. इंजिन गरम करायचे, चारही प्लग काढायचे, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढायचे, एक्सलेटर पूर्ण दाबून ठेवायचा आणि प्रत्येक सिलिंडरला स्टार्टर पाच-सहा ठोके फिरवायचा. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. उतरलेल्या बॅटरीवर चांगले इंजिनही आजारी दिसते. थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असेल तर पेडल दाबल्यावर पाकळी खरोखर उघडली का, ते डोळ्यांनी बघावे. पाकळी बंद राहिली की चारही आकडे खाली येतात आणि उगाच इंजिन उतरवायचा सल्ला मिळतो.

छोट्या सुझुकी पेट्रोल इंजिनांना 14 बार, म्हणजे 200 पीएसआय, हा नव्याचा आकडा. 11 बारच्या खाली काम करायलाच हवे आणि दोन सिलिंडरांतला फरक 1 बारपेक्षा जास्त नको. पुण्यात, 560 मीटरवर, आकडा सहा टक्क्यांनी कमी येणारच, हेही हिशेबात धरावे. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. आकडा वर आला तर रिंगा झिजल्या. तिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर बहुधा त्यांच्या मधले हेड गॅस्केट.

सीएनजीवर खूप चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हची शक्यता आधी. गॅसमध्ये ओलावा नसतो आणि तापमान जास्त. व्हॉल्व्ह सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा कॅम यांतली फट) कमी होत जातो. शेवटी तो नीट बंदच होत नाही आणि कडा जळते. गंमत अशी की क्लिअरन्स वाढला तर टिकटिक ऐकू येते, कमी झाला तर इंजिन आणखी शांत वाटते, त्यामुळे कोणी संशयच घेत नाही. सीएनजी गाडीचे क्लिअरन्स 40,000 किलोमीटरला एकदा फीलर गेजने, इंजिन थंड असताना पाहून घ्यावे. वेळेत लक्ष गेले तर मजुरी आणि थोड्या भागांवर भागते. नाही गेले तर हेडचे काम निघते.

कॉम्प्रेशन ठीक असेल तर पुढचा संशय सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर, म्हणजे ‘कॅट’वर. एखादी कॉइल महिनोन्महिने मिसफायर करत असली की न जळलेले पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळते आणि आतली जाळी वितळते. मग गाडी आयडलला, म्हणजे पेडल न दाबता, छान चालते, पण 3,000 च्या पुढे कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी होते. पहिला ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावायचा: आयडलला 0.1 बारच्या आत आणि 2,500 आरपीएमला 0.2 बारच्या आत दाब असावा. जास्त असेल तर वाट तुंबली आहे. ज्याच्याकडे व्हॅक्यूम गेज आहे त्याने तो इनटेक मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांवर) लावावा. समुद्रसपाटीला आयडलवर पाऱ्याचे 17 ते 21 इंच, दर हजार फुटांना एक इंच वजा, म्हणजे पुण्यात जवळपास दोन इंच कमी. आरपीएम 2,500 ला धरून ठेवल्यावर काटा हळूहळू खाली घसरत गेला तर कॅटच दोषी. तुंबलेला कॅट फोडून रिकामा डबा परत बसवायचा धंदा सर्रास चालतो. त्याने गाडी पीयूसीत अडकते, इंजिनचा दिवा पेटतो आणि ज्या मिसफायरने कॅट गेला तो तसाच राहतो.

एअर फिल्टर आणि प्लग या स्वस्त गोष्टी आहेत, म्हणून त्या आधी बदलायला हरकत नाही. फिल्टर मळल्याने आजच्या इंजेक्शनच्या गाडीचे मायलेज फारसे पडत नाही, पण पूर्ण पेडलवरची ताकद पडते. खडीक्रशरच्या किंवा उसाच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याने मॅन्युअलमधले अंतर निम्मे धरावे आणि कागदी फिल्टरवर कॉम्प्रेसरची हवा मारू नये; कागदाला बारीक भोके पडतात आणि धूळ सरळ रिंगांपर्यंत पोचते. प्लग बसवताना इंजिन थंड हवे. 12 मिलिमीटर आट्याला 15 ते 20 न्यूटनमीटर, 14 मिलिमीटरला 25 ते 30. पान्याच्या अंदाजाने आवळलेल्या प्लगने ॲल्युमिनियम हेडचे आटे गेलेले पुष्कळदा दिसतात. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर आयडल पुन्हा शिकवून घ्यावा लागतो. तो न शिकवल्याने गाडी सिग्नलला बंद पडते आणि बिचाऱ्या साफसफाईला दोष येतो.

ऑइलबद्दल एक जुना गैरसमज अजून गेलेला नाही. ‘गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल घाला’ म्हणून 5डब्ल्यू-30 किंवा 0डब्ल्यू-20 च्या इंजिनात 20डब्ल्यू-50 ओतले जाते. व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) असलेल्या इंजिनात कॅम फिरवण्याचे काम ऑइलच करते. जाड ऑइल थंडपणी त्या बारीक गाळणीतून वेळेवर जात नाही, कॅम मागे राहतो आणि मधल्या आरपीएमची ओढ जाते. व्हॉल्व्ह कंट्रोल सोलेनॉइडची जाळी काढून धुणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, पण विचारल्याशिवाय कोणी करत नाही.

मग चाकांकडे या. गाडी सपाट रस्त्यावर तीसच्या वेगाने न्यूट्रलला सोडली तर ती किती लांब जाते, यावरून जाम झालेला ब्रेक लगेच कळतो. दहा मिनिटे चालवून, ब्रेक कमीत कमी वापरून थांबवावी आणि चारही रिमच्या मध्यभागी हाताने उष्णता पाहावी. एकच चाक भाजत असेल तर कॅलिपरची पिन सुकली आहे किंवा हँडब्रेकची केबल अडकली आहे. कोकणात पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे नेहमीचे.

टायर मोठे घालण्याची हौस ताकदीच्या मुळावर येते. 185/65 आर15 चा व्यास 621 मिलिमीटर. 205/65 आर15 चा 647. चार टक्क्यांहून जास्त फरक, म्हणजे प्रत्येक गिअर चार टक्क्यांनी लांब झाला, ओढ तेवढी घटली आणि वर स्पीडोमीटर कमी वेग दाखवू लागला. रुंद टायरचा आणि जड अलॉयचा भार वेगळाच. दिसायला गाडी दांडगी, चालायला सुस्त! ज्यांना पिकअप हवा त्यांनी मूळ मापाचा हलका टायर घ्यावा, हवा 33 च्या आसपास, किंवा दरवाजावरच्या स्टिकरवर असेल तेवढी ठेवावी आणि डिकीतली अडगळ बाहेर काढावी. 900 किलोंच्या गाडीतून 45 किलो कमी करणे म्हणजे वेग घेताना पाच टक्के ताकद वाढवण्यासारखेच आहे, आणि टर्बो नसलेल्या इंजिनात पाच टक्के कसे मिळतात ते आता पाहू.

हौसेने पहिली बदलली जाते ती फिल्टरची पेटी. शंकूसारखा उघडा फिल्टर बोनेटखाली बसवला की आवाज भारी येतो, पण तो रेडिएटरच्या मागची गरम हवा ओढतो. बाहेर 35 अंश आणि बोनेटखाली 60 अंश असेल तर हवेची घनता साडेसात टक्के कमी. कंपनीने फिल्टरचे तोंड ग्रिलपाशी, थंड हवेत उगाच आणलेले नसते. तेल लावायचा धुण्याजोगा फिल्टर मूळ पेटीत बसवला तर निदान नुकसान होत नाही, मात्र तेल जास्त झाले तर ते एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर जाऊन बसते.

फ्री-फ्लो सायलेन्सरने 1.2 लिटरच्या गाडीत एक-दोन पीएस मिळाले तर मिळाले. पाइप फार रुंद घेतला तर खालच्या आरपीएमला वायूचा वेग कमी होऊन ओढ उलट घटते. टर्बो नसलेल्या इंजिनाचा संगणक रिमॅप करून, म्हणजे त्यातली आकड्यांची फाइल बदलून, साधारण तीन ते सहा टक्के मिळतात, म्हणजे 83 चे 86-87. त्यासाठी वीस हजार मोजायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या मते मोजू नयेत. अशा इंजिनाला बाहेरून टर्बो बसवण्याचा विचार तर सोडूनच द्यावा. कॉम्प्रेशन रेशो 11 किंवा 12 ला 1 असतो. त्यावर दाब चढवला की नॉकिंग होऊन (मिश्रण आपोआप पेटून ठोके बसून) पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात. पिस्टन, इंजेक्टर, पंप आणि संगणक सगळे बदलण्यापेक्षा गाडी विकून टर्बोवाली जुनी गाडी घेणे स्वस्त पडते.

महागड्या पेट्रोलचाही प्रश्न नेहमी येतो. 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन (नॉकिंग रोखण्याच्या क्षमतेचा आकडा) आता 95 च्या आसपास असतो. साध्या इंजिनाला त्याहून जास्त ऑक्टेनचा उपयोग करताच येत नाही, तेव्हा दीडशे रुपयांच्या वरचे शंभर ऑक्टेन टाकीत ओतून काही मिळायचे नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा एक-तृतीयांशाने कमी असल्याने मायलेज घटते हे खरे. पण संगणक त्या मानाने जास्त पेट्रोल सोडतो, म्हणून मायलेज घटले तेवढीच ताकदही घटली असे समजू नये. जुन्या गाडीत इंजेक्टर किंवा पंप आधीच थकलेला असेल तर मात्र ती जास्तीची मागणी पुरी होत नाही आणि पूर्ण पेडलला गाडी गचके देते. तिथे इंजेक्टर धुऊन घेणे हा खरा इलाज.

टर्बो डिझेलमध्ये हरवलेली ताकद बहुतेक वेळा रबरी नळीत सापडते. टर्बोपासून इंटरकूलरला (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीला) आणि तिथून इंजिनला जाणाऱ्या नळीला चीर पडली की काळा धूर येतो, शिट्टी ऐकू येते आणि पिकअप जातो. नळीच्या जोडावर तेलकट काळा डाग हीच खूण. तिथे साबणाचे पाणी मारून दाब द्यावा, बुडबुडे जागा दाखवतात. नळीला काही नसेल तर टर्बोच्या ॲक्च्युएटरकडे जाणारी बारीक व्हॅक्यूम नळी, उघडाच राहिलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) आणि डिझेल फिल्टर, या क्रमाने जावे. पावसाळ्यात डिझेल फिल्टरखालचे पाणी सोडायला लोक विसरतात. एवढे सगळे होण्याआधीच ‘टर्बो गेला’ म्हणून पन्नास हजारांचा अंदाज दिला जातो, म्हणून हा क्रम लिहिला.

आता रिमॅपची पाळी. टर्बो गाडीत हाच एक उपाय पैशाच्या मानाने खरी ताकद देतो. दाब संगणक ठरवतो आणि कंपनीने पुष्कळ जागा राखून ठेवलेली असते; फोक्सवॅगन समूहाचे एकच 1.0 टीएसआय इंजिन युरोपात 95 आणि 115 पीएस अशा दोन्ही रूपांत विकले गेले आहे. आपल्याकडच्या 115 पीएस, 178 न्यूटनमीटरच्या गाडीत नीट केलेला पहिल्या टप्प्याचा रिमॅप साधारण 135 ते 140 पीएस आणि 210-220 न्यूटनमीटर देतो. खर्च वीस ते पस्तीस हजार. याऐवजी निम्म्या किमतीचा ‘ट्यूनिंग बॉक्स’ मिळतो. तो सेन्सरचा आकडा खोटा करून संगणकाला सांगतो की दाब कमी आहे, मग संगणक दाब वाढवतो. म्हणजे ज्या आकड्यावर सगळी सुरक्षा उभी आहे तोच आकडा खोटा. पैसे वाचवायचे असतील तर रिमॅप करू नये, पण बॉक्स लावू नये.

रिमॅपवाल्याला काय विचारायचे ते नीट सांगतो. मूळ फाइल वाचून ती मालकाला देणार का? फाइल आपल्या पंपावरच्या पेट्रोलसाठी आणि मे महिन्यातल्या 42 अंशांसाठी केली आहे, की युरोपातल्या 98 ऑक्टेनसाठी केलेली जशीच्या तशी ओतणार? 2,000 आरपीएमच्या खाली टॉर्क किती वाढवला आहे? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनात 1,500 ते 2,000 च्या दरम्यान पूर्ण पेडल दिले की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो; तसा एकच मोठा ठोका पिस्टन फोडू शकतो. खाली जोरदार ढकलणारा रिमॅप पहिल्या फेरीत मालकाला खूश करतो, म्हणून विक्रेत्यांचा ओढा तिकडे. शहाण्या फाइलमध्ये टॉर्क 2,200 नंतर चढतो. इंजिन ऑइल एपीआय एसपी दर्जाचे हवे, कारण तो दर्जा नेमका हाच ठोका टाळण्यासाठी तपासलेला असतो. आणि बदलायचे अंतर 15,000 वरून निम्म्यावर आणावे. प्लगचा गॅप 0.7 मिलिमीटरच्या आसपास ठेवावा, नाहीतर वाढलेल्या दाबात ठिणगी विझते.

क्लचचे आधी बघा. चौथ्या गिअरमध्ये पन्नास-साठच्या वेगाने पेडल पूर्ण दाबले आणि वेगाआधी आरपीएम उसळला तर प्लेट थकली आहे. अशा गाडीवर रिमॅप केला तर महिन्याभरात क्लचचा खर्च आलाच. सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, म्हणजे डीक्यू200 ची, मर्यादा 250 न्यूटनमीटर आहे. त्याच्या जवळ जाणारी फाइल घेऊ नये. बीएस-6 डिझेलमध्ये जास्त इंधन म्हणजे जास्त काजळी आणि ती सगळी डीपीएफमध्ये, म्हणजे काजळी अडवणाऱ्या गाळणीत. मग ‘डीपीएफ काढून टाकू’ हा पुढचा सल्ला येतो. तो बेकायदा आहे आणि मागच्या गाडीवाल्याच्या फुप्फुसांच्या खर्चाने आहे.

काम झाल्यावर मोजमाप हवेच. डायनोचा (ताकद मोजायच्या यंत्राचा) कागद छान दिसतो, पण आधीचा आणि नंतरचा कागद एकाच डायनोवर, एकाच दिवशीचा नसेल तर त्याला अर्थ नाही. घरच्या घरीही मोजता येते. सपाट, मोकळ्या रस्त्यावर, पहाटे, तिसऱ्या गिअरमध्ये 40 ते 80 ला लागलेला वेळ शेजारी बसलेल्याने मोबाइलवर चित्रित करावा. दोन्ही दिशांनी तीन-तीनदा घेऊन सरासरी काढावी. हजार किलोच्या गाडीला एवढा वेग चढवायला 185 किलोज्यूल लागतात. 7 सेकंद लागले तर सरासरी 36 पीएस नुसता वेग वाढवण्यात गेले, हवा आणि टायरचा विरोध वेगळा. पाच टक्के वाढ म्हणजे सेकंदाचा एक-तृतीयांश. एवढा फरक वाऱ्याने आणि टाकीतल्या पेट्रोलनेही पडतो, म्हणून एकदाच मोजून निष्कर्ष काढू नये. ओबीडी डोंगल असेल तर टर्बो गाडीत नॉक रिटार्ड (नॉकिंग टाळायला ठिणगी किती मागे घेतली तो आकडा) आणि आत जाणाऱ्या हवेचे तापमान नोंदवून ठेवावे. एखादा सिलिंडर सतत इग्निशन मागे घेत असेल तर फाइल परत करावी.

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केले आहे. कलम 182-ए (4) खाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज आणि प्रदूषणाचे कलम 190 (2) वेगळे: पहिल्या खेपेला 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. रिमॅप डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो या चौकटीबाहेर राहतो असे नव्हे. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर दावा नाकारायला पुरतो. वॉरंटीतल्या गाडीत सर्व्हिस सेंटरचा संगणक फाइल बदलल्याची खूण ओळखतो आणि मूळ फाइल परत घातली तरी ती खूण बऱ्याच गाड्यांत पुसली जात नाही. ताकद वाढवली आणि ब्रेक पॅड जुनेच, हा प्रकार तर कायद्याच्या आधी अंगाशी येतो.

शेवटी आपल्याकडे एक मागणी आहे. वाहनांच्या चाचण्या करणारी ‘एआरएआय’ पुण्यातच आहे. ताकद किंवा मायलेज वाढवण्याचा दावा करणारी जाहिरात स्वीकारताना आपल्या जाहिरात विभागाने तशा मान्यताप्राप्त संस्थेचा चाचणी अहवाल मागावा: कोणत्या इंजिनावर, किती आरपीएमला, आधी किती आणि नंतर किती न्यूटनमीटर. अहवाल नसेल तर जाहिरात परत पाठवावी.

आपले,
मोटारदुरुस्ती व्यवसायातील काही वाचक, पुणे